गोव्याकडे चोर्ला घाट उतरताना जुन्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस गाडीचं ब्रेक पेडल मऊ पडतं. मोठ्या ब्रेक डिस्क बसवू का?
डिस्क राहू द्या, आधी ब्रेक ऑइल बदला. गरम झाल्यावर पेडल खोल जातं आणि थंड झाल्यावर पूर्ववत होतं, म्हणजे ऑइल उकळून वाफ धरतंय. डॉट ४ दर्जाच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस; पाणी मुरलं की तो १५५ पर्यंत उतरतो, आणि गोव्याच्या दमट हवेत पाणी लवकर मुरतं. सीलबंद लिटरभर डबा घ्या, चारही चाकांवर स्वच्छ ऑइल येईपर्यंत ब्लीड करा, म्हणजे जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढा. सिलिकॉनचं डॉट ५ मात्र अजिबात नको. फुगलेले, तडकलेले रबरी होज (ब्रेक ऑइलच्या नळ्या) त्याच वेळी बदला. कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) स्लाइड पिना किनाऱ्याच्या खाऱ्या हवेने गंजतात; साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा, पिन बोटाने सरकली पाहिजे. पेडल कडक राहूनही गाडी थांबत नसेल, तर दोष बहुधा पॅडचा.