घराभोवती मुंग्यांसाठी कीटकनाशक पावडर टाकावी का?

आपण विचारले आहे की, बेळगावातल्या आपल्या घरात पाऊस सुरू झाला की मुंग्यांच्या रांगा लागतात, घरात दोन वर्षांचे मूल आहे, तर घराच्या पायाभोवती पावडरीची रेघ ओढावी का. पावडर वापरायला हरकत नाही, पण रेघ मात्र ओढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी खानापूर तालुक्यातल्या जुन्या कौलारू घरात राहतो आणि कित्येक वर्षे उंबऱ्याला अशी जाड पांढरी रेघ ओढत आलो. एकदा पहाटे बॅटरी घेऊन बसलो तेव्हा दिसले की, पुढची मुंगी पावडरीला मिशा लावते, थबकते आणि मागे वळते. चार-दोन मेल्या, बाकीच्या दोन दिवसांत चुलीमागच्या फटीतून बाहेर आल्या. बाहेर दिसतात त्या कामकरी मुंग्या म्हणजे वारुळाचा थोडासा भाग. राणी आणि अंडी आतच असतात. शिवाय घरगुती पावडरींत बहुधा पायरेथ्रॉइड गटातले औषध असते आणि मुंग्या त्याला टाळून जातात, त्यामुळे रेघेने त्यांची वाट बदलते, वारूळ संपत नाही.

म्हणून आधी वारूळ शोधावे. संध्याकाळी कागदावर गुळाचा खडा ठेवून, तो घेऊन परतणाऱ्या मुंग्या कुठे जातात ते अर्धा तास शांतपणे पाहावे. आमच्याकडे ती वाट जोत्याच्या दगडांमधला चुना गळालेल्या सांध्यात शिरत होती. कोरड्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडून, तोंडाला रुमाल आणि हातात मोजे घालून बाटली दाबून चिमूटभर पावडर त्या सांध्यात उडवावी. ढीग घातला तर मुंग्या वळसा घालून जातात, पातळ थर मात्र त्यांच्या अंगाला लागतो. ये-जा थांबल्यावर सांधा सिमेंटने बुजवावा. ती बाटली पुन्हा कशालाही वापरू नये.

आपल्या भागातल्या पावसात उघड्यावर टाकलेल्या पावडरीचा चिखल होतो आणि तिचा गुण जातो. त्याहून वाईट म्हणजे ती पाण्याबरोबर वाहते, आणि ही औषधे माशांना व पाण्यातल्या इतर जिवांना अत्यंत घातक असतात. परसात आड असेल तर त्या बाजूला पावडर टाकूच नये. इतरत्रही उघडीप पाहून, वळचणीखालच्या कोरड्या फटीतच वापरावी.

सुटी पावडर घेऊ नये. मला एकदा शेतीच्या औषधांच्या दुकानातून कागदाच्या पुडीत पावडर मिळाली होती, नाव विचारले तर ‘मुंग्यांची’ एवढेच उत्तर. जुनी माणसे आजही कोणत्याही पावडरीला गॅमॅक्सिन म्हणतात, पण त्यातल्या बीएचसी (बेंझीन हेक्साक्लोराइड) या कीटकनाशकावर देशात 1997 पासून बंदी आहे. पाकिटावरचा मजकूर कन्नड-इंग्रजीत असला तरी त्यावरच्या चौकोनातला खालचा रंगीत त्रिकोण कोणालाही वाचता येतो: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. घरात लाल-पिवळे आणू नये. चुकून पोटात गेले तर उलटी करवू नये, पाकीट घेऊन थेट दवाखान्यात जावे. औषधाच्या गटाप्रमाणे उपचार बदलतात आणि पुडीवर नावच नसते.

सगळे तोंडात घालणारे मूल घरात असताना रांगोळीसारखी दिसणारी पांढरी रेघ मला तरी पाहवत नाही. स्वयंपाकघरासाठी मी आता आमिषच वापरतो. अर्धा लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम साखर आणि 5 ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून, त्यात भिजवलेला कापूस भोके पाडलेल्या बंद डबीत घालून मुलाच्या हाती लागणार नाही अशा फळीमागे ठेवतो, कारण हेही विषच आहे. मात्रा सौम्य असल्याने मुंगी लगेच मरत नाही, ते पाणी वारुळात नेऊन राणीला आणि अळ्यांना पाजते. पहिले दोन दिवस रांग उलट वाढते. तेव्हा घाबरून तिच्यावर पावडर टाकू नये आणि ती पुसूही नये, कापूस मात्र वाळू देऊ नये.