विचारा, सांगते : व्हिएतनामला निघालेल्यांची पत्रं

मागच्या अंकात व्हिएतनामचा नुसता ओझरता उल्लेख केला होता, तर टेबलावर पत्रांचा ढीग. दुबई झाली, थायलंड झालं, आता आपल्याकडच्या टूरवाल्यांच्या पत्रकांवर हाच देश दिसतो. पाच पत्रं निवडली आहेत. काहींनी नाव छापू नका म्हणून कळवलंय, म्हणून कुणाचंच छापत नाही. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगते की मी वेरूळला गाईडचं काम केलेली बाई आहे. माझी मतं तिथंच तयार झाली.

ताई, आम्ही आठ निवृत्त शिक्षक-शिक्षिका दिवाळीत व्हिएतनामला जाणार. पत्रकात सहा रात्रींत हनोई, हालाँग, दानांग, बाना हिल्स, होई आन, सायगाव, कु ची बोगदे आणि मेकाँग आहे. पैसे भरण्याआधी तुमचं मत कळवा. — एक गुरुजी, अंबाजोगाई

गुरुजी, अजून पैसे भरले नाहीत ते बरं. दिवाळी नको. आपल्याकडं तेव्हा पाऊस उघडलेला असतो, म्हणून तिकडंही तसंच असेल असं वाटतं. त्या देशाचा पावसाळा एक नाही. उत्तरेला आणि दक्षिणेला साधारण मे ते ऑक्टोबर पाऊस, पण मधल्या पट्ट्यात, म्हणजे ह्युए, दानांग, होई आनकडं, तो सप्टेंबरात सुरू होतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात जोर धरतो. समुद्रावरून येणारे ईशान्येचे वारे डोंगराला अडतात आणि तिथंच रिते होतात. तू बोन नदी फुगली की होई आनच्या जुन्या गल्ल्यांतून होड्या चालतात. टीव्हीवर बघायला छान, पण बॅगा डोक्यावर घेऊन हॉटेल सोडायचं तुमचं-माझं वय नाही. शाळेच्या सुट्ट्यांना बांधलेले नसाल तर फेब्रुवारीअखेर ते एप्रिल बघा. त्यांचं नववर्ष, टेट, जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीही येतं. तो आठवडा टाळा. माणसं आपापल्या गावी जातात, दुकानं बंद, गाड्या भरलेल्या. मे महिन्यात पारा आपल्यापेक्षा खालीच असतो, पण हवा इतकी दमट की अंगावरचा सदरा वाळत नाही.

आता त्या पत्रकाबद्दल. हा देश उत्तर-दक्षिण साधारण १,६५० किलोमीटर लांब आहे आणि एके ठिकाणी जेमतेम ५० किलोमीटर रुंद. हनोई ते सायगाव रेल्वेमार्गच १,७२६ किलोमीटरचा. सहा रात्रींत तो सगळा बघायचा म्हणजे तुम्ही विमानतळ बघणार. वेरूळला अशा बसा मी रोज बघितल्या आहेत. सकाळी शिर्डी, मग कैलास लेण्याला पाऊण तास, त्यातली पंधरा मिनिटं लघवीला आणि लिंबूसरबताला, पुढं देवगिरी किल्ला खालूनच, मग मकबरा. संध्याकाळी त्यांना विचारा काय बघितलं. मोबाईल उघडून दाखवतात.

तेव्हा सायगाव, कु ची, मेकाँग सरळ काढून टाका. हनोईत दोन रात्री. हालाँग आणि निन बिन यांतलं एकच घ्या. चुनखडीचे डोंगर दोन्हीकडं आहेत, हालाँगला समुद्रात आणि निन बिनला भातखाचरांत. मला विचाराल तर निन बिन. तिथं दहाव्या शतकातली राजधानी होआ लू जवळ आहे आणि होड्या वल्हवणाऱ्या बाया मागं टेकून चक्क पायांनी वल्हवतात. मग विमानानं ह्युए. न्गुयेन घराण्याची ही राजधानी, १८०२ ते १९४५. शेवटचा बादशहा बाओ दाई यानं ऑगस्ट १९४५ मध्ये तिथल्याच न्गो मोन दरवाजावर गादी सोडली. आतला बराचसा राजवाडा १९४७ आणि १९६८ च्या लढायांत गेला, उरलाय त्यावर अजून काम चालू आहे. सुगंधा नदीकाठची बादशहांची थडगी मात्र चुकवू नका. मिन्ह मांगचं तळी आणि झाडांत पसरलेलं, अगदी शिस्तीत. खाई दिन्हचं काँक्रीटचं, काळपट, आत काचेच्या आणि चिनीमातीच्या तुकड्यांचं इतकं काम की डोळे दमतात. आठ शिक्षक म्हणजे आठ मतं, संध्याकाळभर वाद घालता येईल.

ह्युए ते दानांग रेल्वेनंच जा. शंभरेक किलोमीटरचा रस्ता, सुमारे तीन तास. हाय वानचा डोंगर समुद्रात उतरतो तिथून गाडी वळणं घेत जाते. दक्षिणेकडं जाताना समुद्र डावीकडं, तिकीट काढतानाच तसं सांगा. उरलेल्या रात्री होई आनला, आणि एक अख्खी सकाळ ‘मी सन’ या जुन्या मंदिरांच्या ठिकाणाला. तुमच्या पत्रकात मी सनचं नावच नाही, बाना हिल्सला मात्र पूर्ण दिवस. बाना हिल्सवरचा तो दोन हातांनी पेललेला सोनेरी पूल २०१८ चा आहे. हात दगडाचे दिसतात, पण ते जाळी आणि फायबरचे. नातवंडं बरोबर असती तर मी काही बोलले नसते.

मॅडम, व्हॉट्सॲपवर फिरतंय की व्हिएतनाममध्ये हजार वर्षांचं शिवलिंग सापडलं आणि ते दाबून ठेवलंय. आमच्या औंढ्याचे लोक रोज पाठवतात. खरं काय? — एक वाचक, औंढा नागनाथ

सापडलं हे खरं, दाबलं हे खोटं. मे २०२० मध्ये आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनीच त्याचे फोटो जाहीर केले होते. मी सनच्या मंदिरांवर आपलं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण काम करत होतं, त्यातच नवव्या शतकातलं अखंड वालुकाश्माचं लिंग मिळालं. ते हजार वर्षांहून जुनं आहे, पण त्या जागेच्या मानानं नवंच. चौथ्या शतकाच्या अखेरीस चंपा या तिकडच्या जुन्या राज्याच्या भद्रवर्मा नावाच्या चाम राजानं तिथं लिंग स्थापलं आणि त्याला नाव दिलं भद्रेश्वर. राजाचं नाव देवाला जोडायची पद्धत आपल्याला अनोळखी नाही. तिथून तेराव्या शतकापर्यंत चंपाचे राजे त्या खोऱ्यात मंदिरं बांधत राहिले, संस्कृतात आणि जुन्या चाम भाषेत शिलालेख कोरत राहिले. आपल्या रोजच्या वापरातली अक्षरं समजून वाचायला जाऊ नका, लिपी वेगळी आहे.

औंढ्याच्या माणसाला मी सनमध्ये एक गोष्ट लगेच भिडेल. तुमच्या हेमाडपंती देवळात घडीव दगड चुन्याशिवाय बसवलेत हे तुम्ही लहानपणापासून ऐकलंय. तिथं दगड कमी, भाजलेल्या विटा जास्त, आणि दोन विटांच्या मध्ये चुन्याची रेघ दिसत नाही. मी नख घालून बघितलं, जात नाही. झाडाचा चीक वापरला असावा असा अभ्यासकांचा कयास, पण एकमत नाही. भिंत उभी केल्यावर मग त्या विटांवरच नक्षी कोरली. कैलास लेण्याचं उलटं. आपल्याकडं डोंगरातून नको तेवढा दगड काढून टाकला, त्यांनी एकेक वीट रचत नेली. तरी वेलबुट्टी, द्वारपाल, नंदी, नाचणाऱ्या बाया बघताना मला वेरूळच्या पोरी आठवत होत्या.

आता दुःखाचं सांगते. फ्रेंचांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं सत्तरेक वास्तूंची नोंद केली होती. ऑगस्ट १९६९ मध्ये अमेरिकी विमानांनी तिथं बाँब टाकले. ए-वन म्हणून नोंदलेला सगळ्यात मोठा शिखराचा मनोरा त्यात गेला. बाँबचे खड्डे अजून दिसतात, त्यांत गवत उगवलंय. लोक त्यांना तळी समजून पुढं जातात. १९८० च्या दशकात कझिमेझ क्वियातकोव्स्की या पोलिश वास्तुतज्ज्ञानं तिथं राहून उरलेलं सावरलं, त्यांचा पुतळा होई आनला आहे. १९९९ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं. नंतर आपले पुरातत्त्ववाले गेले.

तुमच्या गटात हेही टाका : चाम लोक संपलेले नाहीत. बरेच मुसलमान झाले, पण फान रांगच्या आसपास हिंदू चाम आजही आहेत. तिथल्या पो क्लाँग गराईच्या मंदिरात ते साधारण ऑक्टोबरात काते सण करतात. ‘आपलं मंदिर सापडलं’ म्हणताना ते आधी त्यांचं आहे एवढं ध्यानात असू द्या. मूर्ती बघायच्या तर दानांगचं चाम संग्रहालय १९१९ पासून आहे. मी सनच्या आधी तिथं जा, म्हणजे मोकळ्या गाभाऱ्यात काय होतं ते कळतं. आणि नकाशात क्वांग नाम प्रांत शोधत बसू नका, १ जुलै २०२५ पासून तो दानांगमध्ये विलीन झालाय. पत्ते बदलायची सवय आपल्याला आहेच.

ताई, आम्ही माळकरी. चातुर्मासात कांदा-लसूणही नाही. मिस्टर म्हणतात तिकडं उपाशी मरू. धपाटे किती दिवस टिकतात? — एक गृहिणी, परभणी

वहिनी, दोन दिवसांचे धपाटे, थोड्या दुधातल्या दशम्या आणि शेंगाची चटणी न्या, त्याहून जास्त नको. येसर मात्र न्या. हॉटेलात गरम पाणी मिळतं, भात कुठंही मिळतो. काम झालं.

तिथं शाकाहारी जेवणाची जुनी परंपरा आहे, बौद्ध लोकांची. पाटीवर इंग्रजी सी-एच-ए-वाय ही चार अक्षरं दिसली की आत शिरा. उच्चार आपल्या ‘चाय’सारखा. भात, तीन-चार भाज्या, टोफू, सूप, सगळं ताटात. विशेष म्हणजे कर्मठ बौद्ध स्वयंपाकघरात कांदा-लसूणही वर्ज्य असतो, तेव्हा तुमच्या चातुर्मासाचं आश्चर्य वाटणार नाही. पौर्णिमेला आणि प्रतिपदेला पुष्कळ घरांत शाकाहार पाळतात, त्या दिवशी या खानावळींत गर्दी. पंचांग जवळ ठेवाच. होई आनला दर चांद्रमहिन्याच्या चौदाव्या रात्री जुन्या गावातले विजेचे दिवे मंद करून कंदील लावतात, नदीत दिवे सोडतात. शुद्ध चतुर्दशी बघून मुक्काम ठरवा.

घाबराल ते एका गोष्टीला. सोयाबीनची कोंबडीची तंगडी आणि कोळंबी बनवतात, हुबेहूब. माझ्या बहिणीनं ताट परत सारलं होतं. मालकीणबाईंनी स्वयंपाकघरात नेऊन पीठ दाखवलं तेव्हा जेवली. खरी भीती आहे माशाच्या सॉसची. त्याला नुक माम म्हणतात. साध्या हॉटेलात नुसती पालेभाजी मागवली तरी त्यात तो पडतो, आणि फोच्या नूडल्सचं पाणी हाडांचं असतं. ‘भाजी आहे’ एवढ्यावर विश्वास नको. नसता चाय पाटीच शोधायची. फळं भरपूर, आणि आटवलेल्या दुधाची बर्फ घातलेली कॉफी मिस्टरांना रोज लागेल.

आईचं वय ७४, गुडघे दुखतात. तिला न्यावं का? — लातूर

न्या की. फक्त तिचा कार्यक्रम वेगळा आखा. हालाँगच्या सुंग सोट गुहेला पायऱ्या फार, तिला बोटीवर बसू द्या. निन बिनच्या होडीत खाली बसायचं आणि गुहेतून जाताना वाकायचं असतं, दोन-तीन तास. पाठ धरते का ते तिलाच विचारा. मी सनला दारापासून आत विजेवरची गाडी नेते, पुढं थोडंच चालणं. दानांगच्या संगमरवरी डोंगरांना लिफ्ट आहे. हनोईत पाण्यावरच्या बाहुल्यांचा खेळ हमखास दाखवा. कळसूत्रीवाले कमरेएवढ्या पाण्यात पडद्यामागं उभे असतात. भातखाचरांतच जन्मलेली कला आहे, नांगर, म्हैस, बेडूक, कोल्हा आणि बदकं. भाषा कळायची गरज नाही. तिथलंच साहित्यमंदिर, म्हणजे कन्फ्यूशियसचं देऊळ, सपाट आहे, १०७० सालचं. दगडी कासवांच्या पाठीवर ८२ शिळा, त्यांवर परीक्षा पास झालेल्यांची नावं. हो ची मिन्ह यांची समाधी सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते, जशी अजिंठ्याला सोमवारी आणि वेरूळला मंगळवारी सुट्टी. तिथं उभं राहून रांग लावावी लागते, तेव्हा आईला ती नकोच.

माझं पैठणीचं काम. व्हिसा, पैसे आणि तिकडचं रेशीम, तिन्ही सांगा. — पैठण

व्हिसा घरबसल्या निघतो. व्हिएतनाम सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर अर्ज, एका प्रवेशाला २५ डॉलर, मुदत जास्तीत जास्त ९० दिवस. त्या संकेतस्थळासारखी दिसणारी दलालांची बरीच संकेतस्थळं आहेत, तिथं दुप्पट-तिप्पट घेतात. पासपोर्टवरचं नाव अक्षरन् अक्षर तसंच भरा.

रुपयाला साधारण तीनशेच्या आसपास डाँग मिळतात. किंमतीतली शेवटची तीन शून्यं झाकायची आणि साडेतीननं गुणायचं, म्हणजे रुपये थोडे वरचढच निघतात. वीस हजारांची आणि पाच लाखांची नोट दोन्ही निळसर, त्यांना वेगवेगळ्या खिशांत ठेवा. वीस हजारांवर होई आनचा जपानी पूल आहे, ती खूण.

रेशमासाठी हनोईजवळ हा दाँग भागातलं वान फुक गाव बघा. हनोईतून मेट्रोनं हा दाँगकडं जाता येतं, पुढं रिक्षासारखी टॅक्सी. तुमच्यासारखे हातमाग फार दिसणार नाहीत, बहुतेक यंत्रमागांचा खडखडाट. पण विणकरांशी बोलता येतं, आणि तुम्ही तर पैठणीचा एखादा तुकडा बरोबर घेऊनच जा. दुकानातलं सगळं कापड तिथंच विणलेलं नसतं. काठाचा धागा जाळून बघायचं तुम्हाला मी सांगायला नको. दुकानदार रागावला तर शेजारी दुसरं दुकान आहे.