पाणी संपलं, पोरं दमली. पुन्हा जावं का?

प्रश्न : ताई, महाराष्ट्र दिनाला सोलापुरात मुलं आणि सासूबाईंसह ५ किलोमीटर धावायला गेलो. सासूबाई साडीवर बूट घालून आल्या होत्या! वेळ सहाची, सुटलो सव्वासातला. वळणावर माणूसच नव्हता, निम्मे लोक भलत्याच रस्त्याला लागले. शेवटी पाणी संपलेलं, धाकट्याला पदकही नाही. पुढच्या वर्षी जावं का?

उत्तर : जरूर जा. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, त्यांचं फार कौतुक वाटलं. पदकाचं सोडा, पण पाण्याचा मला खरंच संताप आला. मे महिन्यात सोलापूरचा पारा सर्रास ४० च्या वर जातो; तिथे सव्वातास उशीर म्हणजे पोरांना उन्हात लोटणंच. लहान मुलांना घामही मोठ्यांपेक्षा कमी येतो. यापुढे नाव नोंदवतानाच विचारा : पाणी किती अंतरावर, रुग्णवाहिका असेल का, रस्ता बंद ठेवणार का? उडवाउडवीची उत्तरं मिळाली तर पैसे भरू नका. लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली घरूनच न्या. कुणाला चक्कर, मळमळ वाटली तर तिथेच थांबा. सावलीत बसवून अंग ओलं करा, बरं वाटेना तर १०८ लावा. आणि शुल्क घेऊन कबूल केलेलं दिलं नाही, म्हणून पावती जोडून आयोजकांना आधी लेखी कळवा. दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच.