ट्रायपॉड घ्याच, पण आधी कार्डाची बाकी फेडा

एका वाचकाचे पत्र आहे. त्यांच्याकडे १५०-६०० मिमीची झूम लेन्स आहे, पक्ष्यांचे फोटो काढतात, आणि सध्याच्या ट्रायपॉडवर फोटो हलतात. त्यांनी दोन पर्याय काढून ठेवले आहेत. पहिला आहे हलका, पाच भागांच्या पायांचा, सेंटर कॉलम (मधला वर ओढायचा दांडा) असलेला प्रवासी ट्रायपॉड आणि बॉल हेड (गोळ्यावर फिरणारे, कॅमेरा धरणारे डोके). खोक्यावर क्षमता १२ किलो लिहिली आहे. दुसरा आहे जाड नळ्यांचा, तीन भागांचा कार्बन फायबर ट्रायपॉड आणि गिंबल हेड (जड लेन्स तोलून झुलती ठेवणारे डोके). तो दुपटीहून महाग आहे, पण बारा महिन्यांच्या ‘नो कॉस्ट ईएमआय’वर मिळतोय, त्यामुळे बचतीला हात लावावा लागणार नाही. ‘कोणता घेऊ? विक्रेता दोन वर्षांची सुरक्षा योजना घ्या म्हणतोय, तीही घेऊ का? फोटो विकून वर्षभरात लेन्स आणि ट्रायपॉड दोन्ही वसूल होतील असा अंदाज आहे.’

पत्रासोबत त्यांनी महिन्याचा हिशेब जोडला आहे आणि त्यात शेवटून दुसरी ओळ अशी: ‘लेन्स आठ महिन्यांपूर्वी क्रेडिट कार्डावर घेतली. मिनिमम ड्यू दर महिन्याला वेळेवर भरतो, एकदाही चुकलेलो नाही.’

तुमच्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देतो: ट्रायपॉड दुसराच घ्या, पण आज घेऊ नका आणि ईएमआयवर तर मुळीच घेऊ नका. आता त्या ओळीकडे वळतो, कारण तुमचा पैसा तिथून वाहून चालला आहे आणि तुम्हाला ते शिस्तीचे लक्षण वाटते आहे.

हिशेब सोपा जावा म्हणून लेन्सची किंमत १०० धरू. बाकीचे आकडे त्याच प्रमाणात. तुमच्या कार्डाचा व्याजदर महिना साडेतीन टक्के आहे आणि मिनिमम ड्यू बाकीच्या पाच टक्के. म्हणजे १०० वर ३.५ व्याज चढते आणि तुम्ही सव्वापाचच्या आसपास भरता. मुद्दल उतरते जेमतेम पावणेदोन. असे आठ महिने चालले. या काळात तुम्ही एकूण ३९ भरले आणि बाकी मात्र १०० वरून ८७ वरच आली आहे. मधले २६ व्याजात गेले.

याच वेगाने चालत राहिलात तर बाकी निम्मी व्हायला पहिल्या दिवसापासून जवळजवळ साडेतीन वर्षे लागतील. तोवर तुम्ही दीडशेच्या वर भरलेले असेल आणि ५० देणे शिल्लकच असेल. मिनिमम ड्यू वेळेवर भरला की लेट फी लागत नाही आणि खाते थकीत धरले जात नाही, एवढाच त्याचा उपयोग. कर्ज फेडायला तो ठरवलेलाच नाही. शिवाय बाकी पुढे ओढली जात असताना बिनव्याजी मुदत मिळत नाही. त्या कार्डावर तुम्ही बॅटरी घेतलीत, मेमरी कार्ड घेतले, काहीही घेतले तरी त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागते.

आणि याच वेळी बचत खात्यात तुमचे ७० पडून आहेत, वर्षाला तीन टक्क्यांनी. एका हाताने वर्षाला तीन टक्के घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने महिन्याला साडेतीन द्यायचे, असा हा व्यवहार आहे. बचत मोडायला जीव होत नाही हे मी समजू शकतो. खात्यात आकडा दिसत राहिला की धीर वाटतो. पण कार्डाचे ८७ वजा केले तर तुमच्याकडे बचत नाहीच, १७ चे देणे आहे.

मग करायचे काय? अडीअडचणीसाठी २० खात्यात ठेवा आणि ५० आजच कार्डात भरा. बाकी राहते ३७. हिशेबात तुम्ही कार्डाला महिना साधारण ५ आणि ट्रायपॉडच्या हप्त्याला ३ धरले आहेत. ते दोन्ही, म्हणजे ८, फक्त कार्डात जाऊ द्या. पाच महिन्यांत बाकी १ वर येते, सहाव्या महिन्यात संपते. एकूण व्याज जाईल सुमारे ४. सहाव्या महिन्यापासून हेच ८ बाजूला पडू लागतील आणि नवव्या महिन्याच्या अखेरीस ३० जमतील. तुमच्या दुसऱ्या पर्यायाची किंमतही तुम्ही ३० च दिली आहे. तुमच्या मूळ बेताप्रमाणे गेलात तर याच नऊ महिन्यांत नुसते कार्डाचे व्याज २५ च्या वर होते. म्हणजे ट्रायपॉडच्या दोन तृतीयांशांहून जास्त पैसे केवळ व्याज वाचल्याने उभे राहतात. तोवर कार्ड खिशात नको, घरी राहू द्या.

‘नो कॉस्ट’ या शब्दांवर विश्वास ठेवू नका. रोखीने घेतले तर विक्रेता आठ टक्के सूट देतो, हे तुम्हीच लिहिले आहे. ईएमआय घेतली की ती सूट जाते आणि वर दोन टक्के प्रोसेसिंग फी लागते. इथे ट्रायपॉडची किंमत १०० धरली, तर हातात ९० ची सोय मिळते आणि तुम्ही वर्षभरात १०० फेडता. दर महिन्याला मुद्दल कमी होत असल्याने सरासरी कर्ज निम्म्याच्या आसपास राहते. त्यावर १० चा खर्च म्हणजे वर्षाला वीस टक्क्यांच्या घरातले व्याज झाले. त्याला बिनखर्ची म्हणून विकणे चूक आहे. त्यातून हा हप्ता त्याच कार्डावर बसणार, मिनिमम ड्यूमध्ये मिळवला जाणार, आणि मूळ बाकी आणखी हळू उतरणार.

सुरक्षा योजना घेऊ नका. लेन्सबरोबर घेतलेल्या योजनेचे कागद तुम्ही जोडले आहेत, ते वाचले. पहिल्या वर्षात ती देते तेच कंपनीची वॉरंटी देते, आणि पडणे, पाणी जाणे, चोरी या तिन्ही गोष्टी त्यात वगळल्या आहेत. टेलिफोटो लेन्सचे नुकसान बहुतेक या तिन्हींनीच होते. लेन्सच्या किमतीच्या नऊ टक्के देऊन तुम्हाला जवळजवळ काहीच मिळाले नाही. असे काही विकणाऱ्याचा मला राग येतो. ट्रायपॉडला तर अशा योजनेची गरजच नाही. त्यात बिघडतात ते लॉकचे वायसर, रबरी पाय आणि क्लॅम्पचे स्क्रू, आणि चांगल्या बनावटीत हे सुटे मिळतात. विमा हवा असेल तर लेन्स आणि कॅमेऱ्याचा घ्या, आणि पडणे, पाणी, चोरी हे तिन्ही शब्द पॉलिसीत लिहिलेले असतील तरच घ्या.

वसुलीचा अंदाज सोडून द्या. लेन्स आणि ट्रायपॉड मिळून १३० होतात. वर्षात वसूल करायचे तर खर्च जाऊन महिन्याला ११ सुटायला हवेत. आठ महिन्यांत सहा फोटो विकून तुम्हाला एकूण १ मिळाला आहे. आनंदासाठी केलेला खर्च म्हणून हा छंद अगदी रास्त आहे. त्याच्या कमाईवर कर्जाचा हप्ता ठरवू नका.

आता फोटो. तुम्ही पाठवलेले हललेले फोटो पाहिले. बहुतेक १/१२५ सेकंदाच्या शटरवेगावर काढलेले आहेत, लेन्स ६०० मिमीवर, आणि कॉलम पूर्ण वर ओढलेला असतो असे तुम्ही लिहिले आहे. यातले निम्मे दुखणे ट्रायपॉडचे नाही. मान वळवणारा पक्षी १/१२५ वर हलणारच, तिपाई काँक्रीटची असली तरी. बसलेल्या पक्ष्याला १/५०० ते १/१०००, उडत्याला १/२००० किंवा वर ठेवा आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) वाढू द्या. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला येत नाही. पहिल्या फोटोतला पाणथळीपलीकडचा बगळा धूसर दिसतो तो बहुधा तापलेल्या हवेमुळे. लांबच्या अंतरावर ऊन चढले की हवा लहरते, त्याला कोणताच ट्रायपॉड उपाय नाही. जवळ जा, नाहीतर पहाटे जा.

आहे त्याच ट्रायपॉडवर आजपासून करायच्या गोष्टी: कॉलम पूर्ण खाली. पाय अटकाव लागेपर्यंत पूर्ण फाकवा. उघडताना जाड भाग आधी, सर्वांत बारीक भाग शक्यतो उघडूच नका, त्यापेक्षा स्टूलवर बसा. कॅमेऱ्याची पट्टी काढून ठेवा, वाऱ्यात ती फडफडते आणि कंप देते. लेन्स कॉलरवरच (लेन्सभोवतीच्या कड्यावर) बसवा, कॅमेऱ्याच्या तळाला कधीच नाही. एक पाय लेन्सच्या दिशेने. पिशवी टांगायची तर जमिनीला टेकेल इतकी खाली, अधांतरी लोंबली तर ती झोके घेते. स्थिर विषयासाठी दोन सेकंदांचा टायमर आणि इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (शटरचा धक्का टाळणारी कॅमेऱ्यातली सोय) वापरा. गाडीतून किंवा कठड्यावरून काढत असाल तर प्लास्टिकचे दाणे भरलेली बीनबॅग घ्या. लेन्स तिच्यात दाबून बसवली की पुष्कळ ट्रायपॉडपेक्षा स्थिर राहते, आणि खर्च नगण्य. मोठी सहल ठरलीच असेल तर त्या दिवसांपुरता गिंबल भाड्याने आणा.

नऊ महिन्यांनी खरेदीला जाल तेव्हा खोक्यावरचा किलोचा आकडा बाजूला ठेवा. तो मोजायची सर्वमान्य एकच पद्धत नाही, आणि ट्रायपॉड मोडणार नाही एवढेच तो सांगतो, हलेल की नाही ते सांगत नाही. तुमची लेन्स, कॅमेरा आणि प्लेट (लेन्स हेडवर बसवायची पट्टी) मिळून साधारण तीन किलो. एवढे वजन दोन्ही पर्याय पेलतील. प्रश्न ताठपणाचा आहे. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर एक पिक्सेल ६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. ६०० मिमीला लेन्स तिच्या लांबीच्या एक लाखांशाइतकी वळली की चित्र एक पिक्सेल सरकते. म्हणजे ३० सेंमी लांबीच्या लेन्सचे एक टोक दुसऱ्याच्या मानाने ३ मायक्रॉन हलले की झाले. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो.

नळीचा ताठपणा, भिंतीची जाडी तीच धरली तर, व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. २५ मिमीच्या जागी ३२ मिमीची नळी घेतली की ताठपणा दुप्पट. उलटा हिशेबही करा: पाच भागांच्या पायात २५ पासून उतरत शेवटची नळी १३ मिमीची होते, आणि तिचा ताठपणा वरच्या नळीच्या सातव्या भागाइतकाच उरतो. अख्खा पाय त्या शेवटच्या नळीवर उभा असतो. म्हणून पहिला पर्याय बाद. वरची नळी ३२ मिमी किंवा जास्त, भाग तीन, फार तर चार, आणि सेंटर कॉलम नसलेला सपाट माथा, एवढे पाहा. कार्बन फायबरमध्ये कंप लवकर विरतो आणि वजन कमी होते. पाठीवर लांब न्यायचे नसेल तर त्याच जाडीचा ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड चालेल आणि पुष्कळ पैसे वाचतील. पातळ कार्बनपेक्षा जाड ॲल्युमिनियम केव्हाही बरे.

उंचीसाठी जास्त पैसे मोजू नका. डोळ्यांची उंची १५५ सेंमी असेल तर गिंबल आणि कॅमेऱ्याचा व्ह्यूफाइंडर मिळून २५ ते ३० सेंमी भरतात, म्हणजे पाय १२५ ते १३० चे पुरतात. उतारावर उभे राहत असाल तर थोडे अधिक.

हेडमध्ये गिंबल बरोबर निवडलात. बॉल हेड सैल केले की जड लेन्स धपकन एका बाजूला पडते, बोट अडकले तर चिमटते. गिंबलमध्ये लेन्स तिच्या गुरुत्वमध्याभोवती फिरते, पण तोल नीट साधावा लागतो. टिल्टचा (वरखाली झुकवण्याचा) नॉब सैल करा, मात्र एक हात लेन्सवरच ठेवा. प्लेट पुढेमागे सरकवत लेन्स आपोआप आडवी राहील ती जागा शोधा. मग लेन्स वर वळवून हळूच सोडा. ती स्वतःहून आणखी झुकत गेली तर लेन्स अक्षाच्या वर आहे, पाळणा (लेन्स धरणारा भाग) खाली घ्या. परत आडवी आली तर पाळणा वर घ्या. सोडाल तिथे थांबली की तोल साधला. प्लेट ३८ मिमी रुंदीची आर्का-स्विस या प्रचलित क्लॅम्प-पद्धतीची, दोन स्क्रूंनी बसणारी असावी, एका स्क्रूवर ती फिरते. दोन्ही टोकांना सुरक्षा-स्क्रू असू द्या, नाहीतर क्लॅम्प सैल राहिलेल्या एका क्षणी लेन्स घसरून खाली जाईल. लेन्सचा मूळ फूट (कॉलरचा पाया) बारीक आणि लवचिक असेल तर वरचा सगळा खर्च तिथे अडतो, म्हणून तो बदलायची रक्कम आधीच धरून ठेवा.

पैसे देण्याआधी स्वतःची लेन्स बसवून पाहा. पाय पूर्ण उघडा, लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचे चित्र) दहापट मोठा करून लांबच्या एखाद्या अक्षरावर रोखा, स्टॅबिलायझर बंद करा, हुडला बोटाने हलकी टिचकी मारा आणि चित्र शांत व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. एका सेकंदाच्या आत शांत झाले तर घ्या. तीन सेकंद थरथरत राहिले तर आधी सगळे लॉक आणि कॉलर पुन्हा घट्ट करून बघा. तरीही थरथरलेच तर परत द्या, खोक्यावर किलो कितीही लिहिलेले असोत.