गोव्यात घरगुती व्यवसाय सुरू करताना ईमेलचा पत्ता कसा निवडावा?

आपण विचारले आहे की वाळपईत घरगुती मसाल्यांचा व्यवसाय सुरू करताना स्वतःच्या नावाचा जीमेलचा पत्ता पुरेल की वेगळे डोमेन, म्हणजे ॲटच्या (@ या खुणेच्या) नंतर येणारे व्यवसायाचे स्वतःचे नाव, घ्यावे, आणि ॲटच्या आधी कोणता शब्द ठेवावा. डोमेन घ्यावे, हे माझे उत्तर. परंतु गोव्यात याहून महत्त्वाचा ठरणारा प्रश्न आपण विचारलेलाच नाही, तो म्हणजे त्या पत्त्यातील नावाचे रोमन स्पेलिंग कोणते असावे. याच प्रश्नावरून आमच्या घरात कित्येक वर्षे वाद झाला आहे आणि त्यापायी मी एक मोठी मागणी गमावली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

2013 साली मी आणि माझे थोरले बंधू, ज्यांना घरात सगळेच दादा म्हणतात, असे दोघे मिळून साखळीला काजूगर भाजून पाकिटांतून विकू लागलो. आडनाव नाईक आणि गाव साखळी असल्यामुळे व्यवसायाचे नाव ठरवायला वेळ लागला नाही. अडचण आली ती ईमेलचा पत्ता उघडताना. दादांचा जन्म 1961 पूर्वीचा, पोर्तुगीज अमलातला, त्यामुळे त्यांच्या जन्मनोंदीत आडनाव एन-ए-आय-क्यू-यू-ई असे आहे. माझा जन्म मुक्तीनंतरचा; गावात निघालेल्या सरकारी मराठी शाळेत मी शिकलो आणि पुढे माझ्या दाखल्यांवर तेच आडनाव एन-ए-आय-के असे आले. एकाच घरातल्या दोन भावांची आडनावे कागदावर अशी निराळी दिसतात. गावांचेही तेच आहे. आपण साखळी म्हणतो आणि रोमन लिपीत एस-ए-एन-क्यू-यू-ई-एल-आय-एम लिहितो; केपे क्यूने सुरू होते, काणकोण सीने, आणि डिचोलीचे पहिले अक्षर तर चक्क बी आहे. गोव्याबाहेरच्या माणसाला हे ऐकून कळणे शक्यच नाही.

वडिलांचे नाव ज्या अक्षरांत नोंदले गेले ती अक्षरे बदलण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे दादांचे म्हणणे होते, आणि त्यामागची भावना मला तेव्हाही समजत होती. मी धाकटा असल्यामुळे गप्प बसलो. जुन्या स्पेलिंगचे आडनाव, मग बंधू या अर्थाचा इंग्रजी शब्द, मग जुन्या स्पेलिंगचे गाव, आणि मध्ये दोन टिंबे असा पंचवीस अक्षरांचा पत्ता आम्ही जीमेलवर उघडला आणि तो दहा हजार पाकिटांवर छापून घेतला. तो छापणे ही आमची हौस नव्हती. वेष्टनबंद मालासंबंधीच्या 2011 च्या वजनमापे नियमांनुसार ग्राहकाने तक्रार कोठे करावी हे पाकिटावर द्यावे लागते, आणि त्यात ईमेलचाही समावेश असतो. आपल्या मसाल्यांच्या पाकिटांनाही हा नियम लागू होईल, म्हणून पत्ता बदलणे हे फोनमधला क्रमांक बदलण्याइतके सोपे काम आहे असे समजू नये.

2016 च्या ऑगस्टमध्ये पुण्यातील एका मिठाईविक्रेत्यांचा फोन आला. दिवाळीच्या भेटपेट्यांसाठी त्यांना दोनशे किलो भाजलेले काजूगर हवे होते, आणि तोपर्यंत आम्हाला पन्नास किलोच्या वरची मागणी कधी आलेली नव्हती. मालाची प्रत, पाकिटाचे वजन आणि अपेक्षित दर यांचा तपशील ईमेलने पाठवतो, असे सांगून त्यांनी पत्ता विचारला. मी आडनाव उच्चारताच ते म्हणाले, "नाईक ना, लिहिलं." मी क्यूची दुरुस्ती सांगितली, त्यांनी ती केली, मग गावाचे स्पेलिंग सुरू झाले, तेथे पुन्हा क्यू आला आणि शेवटच्या एमचा एन झाला असावा. फोन ठेवताना पत्ता बरोबर पोहोचल्याची माझी खात्री नव्हती, पण तिसऱ्यांदा सांगण्याचा मला संकोच वाटला. त्यानंतर पाच आठवडे मी रोज सकाळी ईमेल उघडून पाहत होतो. मागे लागलो असे वाटू नये म्हणून फोन केला नाही. शेवटी सप्टेंबरच्या अखेरीस केला, तेव्हा त्यांनी अगदी सौजन्याने सांगितले की त्यांचा ईमेल परत आला, त्यावरून आमचा व्यवसाय बंद झाला असावा असे त्यांच्या कारकुनाने धरले, आणि माल त्यांनी दुसरीकडून घेतला.

दादांच्या मते दोष माझा होता, कारण मी वेळेवर फोन केला नाही. माझ्या मते दोष पत्त्याचा होता, आणि आजही माझे मत तेच आहे. जो पत्ता एकदा ऐकून लिहिता येत नाही तो कितीही अभिमानाचा असला तरी धंद्याच्या उपयोगाचा नाही. वडिलांचे नाव पूर्ण स्पेलिंगनिशी दुकानाच्या पाटीवर लिहावे, पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापावे; तेथे ते वाचले जाते. ईमेलचा पत्ता मात्र फोनवर बोलला जातो आणि समोरच्याला तो कानाने टिपून घ्यावा लागतो.

2017 मध्ये आम्ही डोमेन घेतले, तेव्हा आडनाव आणि गाव दोन्ही बाजूला ठेवले. मालाचे नाव घ्यावे असे वाटले होते, पण काजू हा शब्दच पोर्तुगीजांकडून आलेला, त्यामुळे जुनी माणसे तो सीने लिहितात आणि नवी केने. शेवटी मी घरातल्यांकडून पंधरा मराठी शब्द लिहून घेतले आणि ज्यात क, व, श, दीर्घ आ, दीर्घ ई, दीर्घ ऊ किंवा अनुस्वार आहे ते सगळे गाळले, कारण या प्रत्येकाचे रोमन लिपीत दोन-तीन पर्याय होतात. उरलेले तीन शब्द सावंतवाडीच्या मामींना, बेळगावच्या एका मित्राला आणि आमच्या टेम्पोचालकाला फोनवरून प्रत्येकी एकदाच ऐकवले आणि जसे ऐकले तसे टंकलिखित करून पाठवायला सांगितले. तिघांनीही बरोबर लिहिलेला शब्द एकच होता, तोच आम्ही घेतला. जाहिरात होऊ नये म्हणून तो येथे देत नाही. आपणही ही परीक्षा घ्यावी, आणि ती पाकिटे छापण्याच्या आधी घ्यावी.

ॲटच्या आधी व्यक्तीचे नाव ठेवू नये. ऑर्डरसाठी एक आणि हिशेबासाठी एक असे साधे इंग्रजी शब्द पुरेत, आणि दोन्ही पत्ते एकाच पेटीत उतरवता येतात. अंडरस्कोर पूर्णपणे टाळावा, कारण पत्त्याखाली रेघ आली की तो दिसेनासा होतो. आकडे टाळावेत. टिंबही टाळावे: जीमेलच्या पत्त्यात ॲटच्या आधीच्या टिंबांना काही अर्थ नसतो, पण इतर सेवांमध्ये टिंब असलेला आणि नसलेला हे दोन निराळे पत्ते ठरू शकतात. स्वतःच्या डोमेनचा खरा फायदा असा की ॲटच्या आधी कोणी काहीही चुकीचे लिहिले तरी ते पत्र एकाच पेटीत यावे अशी सोय बहुतेक सेवांमध्ये करून घेता येते. जीमेलच्या मोफत पत्त्यात ही सोय नाही. शेवटी डॉट कॉम मिळाले तर घ्यावे, नाहीतर डॉट इन. ते 2005 पासून सर्वांना खुले आहे.

डोमेनची नोंदणी वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर नव्हे, स्वतःच्या नावावर असावी, आणि नोंदणीच्या खात्याला त्याच डोमेनवरचा ईमेल देऊ नये. मुदत संपून डोमेन बंद पडले तर त्यावरचा ईमेलही बंद पडतो, आणि मग खात्यात शिरण्यासाठी येणारे पत्र आपल्यापर्यंत पोहोचत नाही. तेथे आपला जुना जीमेल द्यावा. ईमेल सुरू करताना एसपीएफ आणि डीकेआयएम या दोन नोंदी डोमेनवर करून घ्याव्यात; पत्र खरोखर आपल्याच डोमेनवरून आले आहे हे त्यांवरून समोरच्या सेवेला पडताळता येते. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलला पत्र पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे त्यांपैकी एक तरी असावी लागते, अन्यथा आपले दरपत्रक ग्राहकाच्या स्पॅममध्ये पडून राहू शकते.

देवनागरीतील डॉट भारत डोमेन 2014 पासून मिळते. नाईक आणि साखळी हे शब्द देवनागरीत लिहिताना आमच्या घरात कोणाचाच वाद नाही, त्यामुळे मला ते मनापासून हवे होते. परंतु अजूनही अनेक संगणकीय अर्ज देवनागरी पत्ता स्वीकारत नाहीत, म्हणून तो एकमेव पत्ता म्हणून चालणार नाही.

दोन गोष्टी मात्र मान्य केल्या पाहिजेत. पहिले सहा महिने मागणी किती येते हे पाहायचे असेल तर छोटा, स्वच्छ जीमेल पत्ता ठेवण्यात कमीपणा नाही. फक्त तो पत्ता असलेली पाकिटे एकदम मोठ्या संख्येने न छापता थोडीच छापावीत. दुसरे असे की, आपले ग्राहक मुख्यतः पोर्तुगालमध्ये स्थायिक झालेले गोवेकर असतील तर जुने स्पेलिंगच त्यांना ओळखीचे वाटेल, आणि तेथे दादांचे म्हणणे बरोबर ठरेल. म्हणूनच 2018 मध्ये मी दादांच्या स्पेलिंगचे डोमेनही घेतले आणि त्यावर येणारी पत्रे मुख्य पेटीत वळवली. त्याचा खर्च वर्षाला साधारण हजार रुपये आहे. दादांच्या नावाच्या कार्डावर तोच पत्ता आहे, आणि त्यावर आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर ते स्वतः लिहितात.