निक्सी ट्यूबमधला आकडा अर्धाच पेटतोय? आधी करंट मोजा

कराडहून प्रश्न आलाय तो थोडक्यात असा: घड्याळ करायला जुन्या आयएन-१२ जातीच्या निक्सी ट्यूब (काचेत आकडा पेटवून दाखवणाऱ्या नळ्या) सहा मिळाल्या. १२ व्होल्टचे १८० करणारं बोर्ड जोडलं, प्रत्येक अ‍ॅनोडला (धन टोकाला) २२ के (किलोओहम) रेझिस्टर लावला. चार ट्यूब छान चालतात, पण दोघींमध्ये ३ आणि ७ अर्धेच पेटतात. व्होल्टेज २२० करावं, की ट्यूब गेल्या असं समजावं?

ट्यूब गेलेल्या नाहीत. आणि व्होल्टेजला कृपया हात लावू नका.

घरातला टेस्टर आठवा. फेजला लावला की आत जो नारिंगी दिवा लागतो, तो याच जातीचा: काचेत निऑन, दोन इलेक्ट्रोड आणि पुढे मोठा रेझिस्टर. तापणारी तार नसते, ऋण टोकाला बिलगून वायूच चमकतो. निक्सीत त्या ऋण टोकालाच आकड्याचा आकार दिलेला असतो. पातळ पत्र्याचे दहा आकडे एकामागे एक आणि सगळ्यांपुढे जाळीचा अ‍ॅनोड. भिंग धरून बघा, तुमच्या आयएन-१२ मधला ५ म्हणजे उलटा बसवलेला २ आहे.

ट्यूब पेटायला साधारण १७० व्होल्ट लागतात. पण पेटली की तिच्यावर १४० च्या आसपासच राहतात, मागून तुम्ही कितीही द्या. बाकीचे रेझिस्टरवर पडतात. तुमच्याकडे ४० व्होल्ट २२ के वर पडतात, म्हणजे करंट सुमारे १.८ मिलीअँपियर. या ट्यूबला २.५ च्या आसपास हवा. २२० व्होल्ट केलेत तर साठही आकड्यांना साडेतीनच्या वर जाईल, आणि जे आकडे धडधाकट आहेत तेही झिजायला लागतील.

करंट कमी असला तर उजेड पत्र्याचा काही भागच झाकतो, करंट वाढेल तसा पसरतो. म्हणून पहिली परीक्षा ही: २२ के काढून १५ के घाला. मग रेझिस्टरच्या दोन टोकांमधले व्होल्ट मोजा. ४० च्या जवळ आले तर करंट २.७ आहे. आता सगळे आकडे भरले तर विषय संपला. बाकी भरले आणि तेच ३ आणि ७ अर्धे राहिले, तर ते आकडे माखलेत.

माखतात कसे? पेटलेल्या आकड्याच्या पत्र्यातून धातूचे कण उडत असतात. ते न पेटणाऱ्या शेजाऱ्यांवर बसतात आणि तेवढा भाग उजेड धरत नाही. घड्याळात तासांच्या दशकाच्या जागी फक्त ०, १, २ लागतात, उरलेले सात आकडे वर्षानुवर्षं नुसता हा थर झेलत राहतात. उपाय त्याच क्रियेचा आहे: माखलेला आकडाच जास्त करंटवर पेटवायचा, म्हणजे वरचा थर उडून जातो. ट्यूब वेगळी काढा, त्या एकाच आकड्याची पिन ग्राउंडला द्या, बाकीच्या मोकळ्या सोडा, आणि १० के लावा. करंट ४ मिलीअँपियर होईल. मग थांबा. कधी चार तासांत काम होतं, कधी दोन-तीन दिवस लागतात. माझ्याकडच्या एका ३ चा फक्त खालचा बाक पेटायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उजेडाची कड मधल्या टोकापर्यंत सरकली होती, तिसऱ्या दिवशी सकाळी वरचा बाकही भरला. पूर्ण भरला की लगेच १५ के वर परत या, नाहीतर काच आतून काळी पडते.

हे करताना बोर्डाच्या कंडेन्सरला समांतर २२० के, अर्धा वॉटचा रेझिस्टर लावाच. स्विच बंद केल्यावरही त्यात १८० व्होल्ट बसून असतात आणि झटका जोरदार बसतो.

पिनांबद्दल एक कळकळीची विनंती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत चढलं, तेव्हा माझ्या ट्यूबांचा एक डबा खालच्या कपाटात राहिला. ट्यूब सीलबंद, आत काय जाणार, म्हणून वरवर पुसून सॉकेटमध्ये घातल्या. एक आकडा दिला की शेजारच्या पिनांचे आकडेही मंद उजळायचे. पिनांच्या मुळाशी चिकटलेला गाळ दमट हवेत करंट वाहून नेत होता. आधी डिस्टिल्ड वॉटर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ टूथब्रश, एवढ्याने ते थांबलं. पण एका ट्यूबची वाकडी पिन मी पकडीने सरळ केली आणि पिन काचेतून निघते तिथे केसाएवढी चीर गेली. दोन दिवसांत नारिंगी रंग फिका जांभळट झाला, मग ती पेटेनाशी झाली. हवा शिरलेली ट्यूब परत येत नाही, आजही त्याची हळहळ वाटते. पिनेला जोर लावू नका, सॉकेट वापरा. आकड्याभोवती निळसर झाक दिसली तर मात्र घाबरू नका, झीज कमी व्हावी म्हणून काही ट्यूबांत किंचित पारा घातलेला असतो, त्याची ती. त्याच कारणाने फुटलेल्या ट्यूबचे तुकडे हाताने गोळा करू नका, खिडक्या उघडा.

नवी ट्यूब घरी करता येईल का, असंही विचारलंत. चेक प्रजासत्ताकातल्या दालिबोर फार्नी यांनी ही कला पुन्हा उभी केली आणि ते हाताने मोठ्या ट्यूब बनवतात. पण त्यासाठी काचकामाचा लेथ आणि चांगला व्हॅक्यूम पंप लागतो, शिवाय आतल्या पत्र्यात मुरलेला वायू तापवून काढावा लागतो. नुसतं निऑन भरून भागत नाही. सर्किट मात्र जरूर घरी करा: आकडे चालवणारी के१५५आयडी१ किंवा ७४१४१ चिप मिळाली तर उत्तम, नाहीतर प्रत्येक आकड्याला एक एमपीएसए४२ ट्रान्झिस्टर.

घड्याळाच्या प्रोग्रॅममध्ये रोज पहाटे दहा-पंधरा मिनिटं सगळ्या जागांवर ० ते ९ फिरवा, म्हणजे ३ आणि ७ पुन्हा माखणार नाहीत. १५ के घातल्यावर किती व्होल्ट आले ते इथे लिहा, दोन्ही ट्यूबांचे अंधारातले फोटोही टाका.