एम.एस्सी. नंतर विद्यापीठाच्या टेक ट्रान्सफर ऑफिसात करिअर होऊ शकतं का?

एम.एस्सी. बायोटेक झालंय, पीएचडी करायची नाही, पण संशोधनापासून लांबही जायचं नाही, असं तुम्ही लिहिलंय. टेक ट्रान्सफर ऑफिस म्हणजे विद्यापीठातल्या शोधांची पेटंट घेऊन ते कंपन्यांना वापरायला देणारं ऑफिस. मी याच क्षेत्रात आहे आणि माझं उत्तर 'हो' आहे. फक्त हे टेबलावर बसून पेटंटचे फॉर्म भरायचं काम आहे, असं समजून येऊ नका.

निम्मा वेळ प्राध्यापकांच्या लॅबमध्ये जातो. पेपर किंवा पोस्टर आधी प्रसिद्ध झालं आणि अर्ज नंतर गेला, की पेटंटसाठी लागणारं नावीन्य बहुतेक वेळा तिथेच संपतं. आधी जाहीर झालेल्या शोधासाठी पेटंट कायद्याच्या कलम ३१ मध्ये सवलत आहे, पण ती फार मर्यादित आहे. बढती पेपरवर अवलंबून, त्यामुळे सरांना 'थांबा' सांगून भागत नाही. म्हणून मी परिषदेच्या आधीच प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज दाखल करून घेते. पूर्ण अर्जाला त्यानंतर १२ महिने मिळतात आणि पेपरही अडत नाही. पण त्यासाठी पीएचडीच्या एखाद्या मुलीने चहा पिता पिता 'ताई, पुढच्या आठवड्यात आमचं पोस्टर आहे' हे आपणहून सांगायला हवं. तेवढी ऊठबस ठेवावीच लागते.

पुढे लायसन्स, म्हणजे शोध वापरायचा हक्क कंपनीला देणं. एक्सक्लुझिव्ह (फक्त एकाच कंपनीला) द्यायचं का, आगाऊ रक्कम किती, रॉयल्टी कशावर, यावर महिनोन्‌महिने बोलणी चालतात. एक्सक्लुझिव्ह दिलं तर कंपनीने ठरलेल्या मुदतीत काम पुढे न नेल्यास हक्क परत घेण्याची अट करारात असलीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. नाहीतर लोकांच्या पैशातून झालेलं संशोधन कपाटात पडून राहतं. नव्या स्टार्टअपकडे रोकड नसते, तिथे शेअर्स घेता येतात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने गूगलकडून असेच शेअर्स घेतले आणि विकून सुमारे ३३ कोटी ६० लाख डॉलर मिळवले. असं क्वचितच घडतं. बहुतेक पेटंटांतून दाखल करण्याचा खर्चही निघत नाही.

स्टार्टअपची बाजू आवडत असेल तर नव्या कंपन्यांना उभं राहायला मदत करणारी इन्क्युबेटर केंद्रं बघा: पुण्यात एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) च्या आवारातलं व्हेंचर सेंटर आणि पवईला आयआयटीचं साइन. बायरॅक या केंद्र सरकारच्या बायोटेक संस्थेच्या बिग योजनेत ५० लाखांपर्यंत अनुदान असतं. त्याचा अर्ज नीट लिहायला मदत करणं हेही मोठं काम आहे.

पगार कंपन्यांपेक्षा कमी, आणि बऱ्याच जागा कंत्राटी. म्हणून पेटंट एजंटची (इतरांच्या वतीने पेटंटचे अर्ज चालवणाऱ्याची) परीक्षा द्याच. विज्ञानाची पदवी पुरते, एलएलबी लागत नाही. अभ्यास पेटंट कायद्याच्या कलम ३ पासून, म्हणजे कशाला पेटंट मिळत नाही त्या यादीपासून, सुरू करा: ३(डी) (माहीत असलेल्या पदार्थांची नवी रूपं) आणि ३(जे) (वनस्पती आणि प्राणी) बायोटेकवाल्यांना रोज लागतात.